लाईट गेली की थांबणारा टायमर

मी लिहायला बसलोय, याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात कपाट एकच, आणि त्याच्या एकाच कप्प्यात आईच्या साड्या, पापडांचा डबा आणि माझी गुणपत्रकं गुण्यागोविंदानं राहतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही जळगावला, वीज शाखेत. तेव्हा मी जे सांगणार ते काही मोठं किंवा खोल असणार नाही. ते एका टायमरबद्दल आहे. तळहातावर मावणारा, स्विमिंग पूलच्या पंपाला लावायचा टायमर. कोणाला एवढ्यातच कंटाळा आला असेल तर त्यांनी खुशाल उठावं. पण त्या उन्हाळ्याची आठवण झाली की मला भर वर्गात एकट्यालाच हसू फुटतं, शेजारचा विचारतो काय झालं, आणि दर वेळी सगळं सांगायला जमत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मामाचं गाव दोंडाईच्याजवळ आहे, बोली अहिराणी. मामाची मोठी मुलगी म्हणजे आमची अक्का. विहिरीत पोहायला शिकलेली गावातली ती एकटी मुलगी. पाठीला रिकामा कॅन बांधून मामानंच तिला विहिरीत सोडलं होतं, आणि 'आता पुरे, बाहेर ये' म्हणायची वेळ आली तेव्हा ती ऐकेना, असं मामी अजून सांगते. पुढे ती सुरतेला गेली, बायकांना पोहायला शिकवायचं रीतसर शिकली, तिथेच काही वर्षं शिकवत राहिली, आणि एक दिवस परत येऊन मामाला म्हणाली, "मला आपल्या घरामागे स्विमिंग पूल बांधायचा आहे. गावातल्या बायांसाठी."

मामानं बांधू दिला. का दिला, हे मामालाही सांगता येत नाही. गावात मात्र तो त्याला हौदच म्हणायचा.

"हौद नही, आबा. स्विमिंग पूल," अक्का म्हणायची.

"बरं. पोहाना हौद."

पूल देखणा झाला. निळ्या फरशा, एका बाजूला कमरेएवढं पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्यावरून जाईल एवढं. पण कोणी उतरेना. बाया यायच्या, काठावर ओळीनं बसायच्या, आपापसात हसायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि घरी जायच्या. शेवटी बचत गटाच्या अध्यक्ष काकूंनी सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्यात आम्ही पाय टाकणार नाही."

अक्काला ते पटलं. तिनं मामीच्या मांडणीवरचं एक स्टीलचं ताट उचललं आणि बुडी मारून खोल बाजूला तळाशी ठेवून आली. काठावर उभं राहून ताट लख्ख दिसलं, की उतरायचं. काकूंनी अट मान्य केली. मामीनं ताटाबद्दल कुरकुर केली. आणि ताट काही दिसेना.

त्यावर मामानं आपली अट घातली. "आखाजीलोंग बाया उतरन्यात तर तुना पूल. नही उतरन्यात तर मी त्यामा मासा सोडी देसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. गावात बाया सगळ्यात जास्त असतात तो हाच दिवस. मामा थट्टा करतोय असं मला वाटलं होतं. पण त्यानं मत्स्यबीजवाल्याला खरंच सांगून ठेवलं होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घेऊन ये म्हणून.

पाणी गढूळ राहण्याचं कारण साधं होतं. पुलाचं पाणी पंपानं ओढून वाळूच्या फिल्टरमधून रोज काही तास फिरवावं लागतं. अक्का दिवसा दोंडाईच्याला एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून जायची. मामी पंपाच्या बटणाला घाबरायची. मामा बटण दाबायचा आणि बंद करायला विसरायचा, मग दुसऱ्या दिवशी रागानं दाबायचाच नाही. म्हणून एका संध्याकाळी अक्काचा फोन आला. "भाऊ, पंपाला टायमर लावू. कोणता घ्यायचा ते तू ठरव. तू विजेचं शिकतोस ना?"

या वाक्यानं मला धडकी भरते. विजेचं शिकतो म्हणून मी गावाकडे मिक्सर उघडले आहेत, पंखे उतरवले आहेत, आणि एकदा तर एका आजोबांनी कानात घालायचं मशीन माझ्या हातावर ठेवून 'याच्यात नुसती हवा ऐकू येते' म्हटलं होतं. येत नाही म्हणायला जीभ वळत नाही. घरातले सगळे ज्या तोंडानं 'आमचा शिकतो' म्हणतात, त्याच तोंडासमोर 'अजून ते शिकवलं नाही' कसं म्हणणार? मी म्हणालो, "हो अक्का, बघतो." आणि फोन ठेवल्यावर खोलीत एकटाच नाचलो. हे कबूल करायला लाज वाटते, पण स्विमिंग पूलचं काम! माझ्या वर्गात कोणाच्या मामाकडे स्विमिंग पूल नव्हता.

रविवारी अक्का गाडीनं जळगावला आली. पंप-मोटरचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. काउंटरवर केळीवाले शेतकरी उभे होते, स्टार्टर, केबल, फ्यूज चाललेलं होतं. दुकानदारकाकांनी विचारलं, "टायमर कशाला? बोअर का विहीर?"

मी हळू आवाजात म्हणालो, "स्विमिंग पूल."

सगळं काउंटर वळलं.

"कोणाचा?"

"मामाचा, दोंडाईच्याजवळ."

"अरे वा! मामाला म्हणा, आम्ही सावद्याचे आहोत, पण सासुरवाडी तुमच्याकडचीच आहे. चड्डी घेऊन येऊ का?" एका केळीवाल्या भाऊंनी विचारलं.

"बायांसाठी आहे," अक्का म्हणाली.

सावद्याचे भाऊ म्हणाले, "मग घरच्यांना पाठवतो. तेवढीच आम्हाला शांतता."

सगळे हसले, अक्का तर टाळी देऊन हसली, आणि माझी भीड थोडी कमी झाली. दुकानदारकाकांनी एकेक टायमर समोर मांडायला घेतला. पहिला फोनवरून चालणारा. फोन केला की मोटर सुरू.

"कोणीही फोन केला तरी?" मी विचारलं.

"हा जुना प्रकार आहे, हो. आमच्या एका गिऱ्हाइकाची मोटर अशीच चालायची. 'कॉलर ट्यून लावण्यासाठी एक दाबा' असा कंपनीचा फोन यायचा आणि इकडे केळीला पाणी सुरू! त्याला वाटायचं घरचे फार काळजी घेतात."

तो बाजूला गेला. मग एक पांढरी तबकडी आली. कडेनं बारीक दाते, मधे काटा. दाता बाहेर ओढला की तेवढा वेळ पंप चालू, आत ढकलला की बंद. मला ती फार आवडली, खेळण्यासारखी होती. पण दुकानदारकाका म्हणाले, "स्वस्त आहे, मजबूत आहे, पण याच्यात बॅटरी नाही. लाईट गेली की घड्याळ थांबतं, आली की तिथूनच पुढे. लोक दोन दिवसांत परत आणून देतात. ही बघा, खोकंभर पडली आहेत."

तिसरा डिजिटल. काळी काच, हिरवे आकडे, आत बारीकशी बॅटरी. लाईट जावो येवो, वेळ चुकत नाही. वारसुद्धा लक्षात ठेवतो. मी तो हातात घेतला आणि मला वाटलं, हाच. मी थोडं धीर करून हेही विचारलं की पंप सुरू होताना करंट जास्त ओढतो, तो टायमरच्या आतल्या बारीक पट्ट्यांना झेपेल का, की मधे तो भार झेलणारा कॉन्टॅक्टर लावावा? काकांनी चष्मा वर केला. "लावावाच. बरोबर आहे." आणि गळती झाली की तत्काळ वीज तोडणारा ईएलसीबी पण मी मागून घेतला, ओल्या अंगानं माणसं जिथे उतरणार तिथे त्याच्याशिवाय वायर ओढायची नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. अक्का माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बापरे, तुला खरंच येतं की!" मला वाटलं आता उसाचा रस मीच पाजावा. पाजला.

गावातल्या वायरमनभाऊंनी जोडणी केली, मी बटणं दाबून वेळ भरली. सकाळी नऊ ते दुपारी तीन. ठरल्या क्षणी कॉन्टॅक्टरनं खट् आवाज केला आणि पंप आपोआप घुरघुरायला लागला. मामी देवघरातून हळदकुंकू घेऊन आली. मामानं पंपाकडे बघत डोक्यावरची टोपी सारखी केली. मी जळगावला परत आलो तो हवेतच.

चार-पाच दिवस फोन चांगले आले. मग अक्काचा आवाज बदलला.

"भाऊ, पाणी हिरवं होतंय."

"टायमर बंद आहे का?"

"टायमर एकदम वेळेवर आहे. लाईट वेळेवर नाही."

ऊन वाढलं तशी लाईट नऊच्या सुमाराला जायला लागली होती आणि तीन वाजून गेल्यावर यायची. टायमर अगदी शिस्तीत नऊला पंपाला 'चल' म्हणायचा, तीनला 'पुरे' म्हणायचा, आणि मधल्या वेळात लाईटच नसायची. लाईट आली तेव्हा त्याची वेळ संपलेली. मी वेळ बदलायला सांगितली. अक्कानं संध्याकाळची भरली. दुसऱ्या दिवसापासून लाईट संध्याकाळी जायला लागली! तिनं पहाटेची भरली, ओल्या बोटांनी कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि पंप फक्त रविवारी चालेल असं ठरून बसलं. मी फोनवरून सांगतोय, वरचं दाब, खालचं दाब, अक्का ओरडतेय की आकडे नाचताहेत, आणि मागून मामाचा आवाज, "ऱ्हाऊ दे पोरी. मासाले हिरवं पाणी आवडस."

मग तो फोन घेऊन मला म्हणाला, "भाचा, काय शिकाडतस तुले कॉलेजमा?"

मी म्हणालो, "सुट्टी लागली की येतो." हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. पूल गेला तर अक्का परत सुरतेला जाणार, हे ती बोलली नव्हती, पण मला माहीत होतं.

परीक्षेच्या आधी सुट्टी होती, मी गावी गेलो. ताट कुठे आहे ते पाण्यात शोधून पाहिलं. नुसती हिरवी गादी. आम्ही दोघं सगळं जग बुडाल्यासारखं तोंड पाडून तिथेच बसलो होतो, तेवढ्यात मामीनं गव्हाचा डबा पुढे केला. "बठ्ठं जग बुडनं का? जा, दळी आना."

चक्कीवर गेलो तर तिथेही लाईट गेलेली. चक्कीवाले नाना दाराशी बाजेवर आडवे. आत डब्यांची रांग, पितळी, स्टीलचे, तेलाचे जुने डबे. माणसं नाहीत, नुसते डबे. आम्ही आपला डबा शेवटी ठेवला. एक मावशी आली, म्हणाली, "नाना, मना नंबर व्हता ना सकाळले?"

"शे ना. तुना डबा तठेच शे. लाईट येवू दे."

मावशी डब्यावर एक हात ठेवून निघून गेली. अक्का त्या रांगेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुझा टायमर चक्कीवर बसवला असता तर त्यानं काय केलं असतं?"

मी विचार केला. "म्हणाला असता, नऊचा डबा दळायचा राहिला, आता दहा वाजले, नऊवाल्यांनी उद्या या."

"आणि उद्या नऊला लाईट नाही."

"मग परवा या."

"आणि नऊवालीच्या घरी भाकरी कधी?"

आम्ही हसायला लागलो. आणि हसता हसता माझ्या डोक्यात ती पांढरी तबकडी आली. लाईट गेली की थांबते, आली की तिथूनच पुढे. डबा जिथल्या तिथे! मी अक्काचा हात धरला. "अक्का, ती! लोक परत आणून देतात ती!"

"कोणती?"

"दाते असलेली! तिला किती वाजले ते कळतच नाही! तिला फक्त लाईट किती वेळ होती ते कळतं!"

अक्कानं डोळे मोठे केले, आणि आम्ही दोघं चक्कीसमोर एवढ्या मोठ्यानं ओरडलो की नाना बाजेवरून उठून बसले. "काय व्हयनं? लाईट उनी का?"

"नही नाना! लाईट गई हाईच भारी शे!" अक्का म्हणाली. नानांनी आमच्याकडे काळजीनं बघितलं आणि परत आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी जळगावला दुकानदारकाकांकडे मी एकटाच गेलो. "परत आलेल्यातली एक तबकडी द्या."

"बॅटरी नाही तिच्यात. सांगितलं होतं ना?"

"बॅटरी नसलेलीच हवी."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मी चक्कीची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले, मग आतल्या माणसाला म्हणाले, "अरे, ते खोकं खाली काढ. परत पाठवू नकोस. यांच्या गावाकडची गिऱ्हाइकं येतील."

गावी परतल्यावर वायरमनभाऊंनी डिजिटल काढून तबकडी बसवली. मी दाते लावले: दोन बाहेर, एक आत, दोन बाहेर, एक आत, सगळ्या कडेनं. म्हणजे लाईट कधीही येवो, जेवढी असेल तिच्यातला मोठा वाटा पंपाला, मधे त्याला विसावा. तबकडीवर किती वाजले हे आता कोणी बघायचं नव्हतं. पण मामाला बघायचंच असायचं. भर दुपारी तो पेटीत डोकावून सांगायचा, "आठे रातना दोन वाजनात. झोपा रे बठ्ठा." आणि स्वतःच हसायचा. मामी जेवायला हाक मारायची तर म्हणायचा, "कोना घड्याळमा?"

अक्कानं क्लोरीन टाकलं, फिल्टर उलट्या पाण्यानं धुतला, जाळीनं शेवाळ काढलं. पण हिरव्याचं निळं व्हायला वेळ लागतो, आणि आखाजी तोंडावर आली होती. मी निघालो तेव्हा पाणी ताकासारखं होतं. हिरवं गेलं होतं, पण ताट अजून दिसत नव्हतं. आखाजीच्याच दिवशी माझं जळगावला प्रात्यक्षिक होतं. त्यामुळे मला थांबता येईना. मी निघालो त्याच दिवशी आई आखाजीसाठी माहेरी येऊन पोचली होती. माझी आई पाण्याला इतकी भिते की तापीवरून एसटी जाताना डोळे मिटून घेते. तिनं आल्या आल्याच जाहीर केलं, "मी काठवर बठसू. तुम्ही कुदा."

आखाजीच्या सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी सगळ्यांचे फोन खोक्यात ठेवून घेतले. माझा फोन आत जाताना शेवटची बातमी अशी होती, की सकाळपासून लाईट आहे, पंप चालू आहे, आणि अक्का काठावर उभी आहे. पुढे काहीच नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मला विचारलं, "बॅटरी नसलेल्या टायमरचा दोष काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, कोणत्या गावात?"

त्यांनी वर पाहिलं. मग मी दोष सांगितला, आणि न राहवून चक्कीसुद्धा सांगितली. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. त्यांचे खांदे हलत होते, ते रागानं की हसण्यानं ते मला कळलं नाही.

बाहेर येऊन खोक्यातून फोन काढला तर एकही निरोप नाही. अक्काला लावला, वाजून वाजून बंद. मामीला लावला, तेच. आईचा बंदच. मामाचा कोणी उचलेना. वायरमनभाऊ म्हणाले, ते सासुरवाडीला झोक्यावर आहेत, त्यांना काही माहीत नाही. मी मेसमध्ये वाटीत आमरस घेऊन बसलो आणि तो तसाच राहिला. मित्र म्हणाला, प्रात्यक्षिक अवघड गेलं का? मी म्हणालो, ताट दिसलं की नाही तेच कळत नाही. तो माझी वाटी घेऊन गेला. मी पुन्हा सगळ्यांना क्रमानं फोन लावले. माझ्या डोळ्यांसमोर मत्स्यबीजाच्या पिशव्या येत होत्या, प्लास्टिकच्या, फुगवलेल्या, आत बारीक काळे ठिपके.

उन्हं उतरायला लागली तेव्हा फोन वाजला. मामा.

मागे एवढा गलका होता की मला आधी वाटलं भांडण चाललंय. किंचाळणं, हसणं, पाणी आपटल्याचा आवाज, आणि त्यात कोणीतरी आखाजीचं गाणं म्हणत होतं, ओळ पूर्ण व्हायच्या आत गुळण्या करत.

"मामा! फोन का नाही उचलत कोणी?"

"कोन उचली? बठ्ठा फोन आठे ओट्यावर पडेल शेत, आन् मी राखनले बठेल शे. वाजी वाजी माले येडं करी टाकं तू. चष्मा सापडेना, कोना फोन वाजस ते दिखेना."

"ताट दिसलं का?"

"दिखनं ना सकाळलेच! तुनी मामी म्हने, मनं ताट! मनं ताट! आन् तीच पह्यले उतरनी, ताट काढाले."

"आणि बाकीच्या?"

"अरे, बठ्ठं गाव! अध्यक्षबाई तर सारखी बुडी मारी ऱ्हायनी."

मी वसतिगृहाच्या जिन्यावर खाली बसलो. "आणि आई? काठावर आहे ना?"

मामानं फोन बहुतेक पाण्याकडे धरला, कारण गलका एकदम मोठा झाला आणि त्या गलक्यात मला एक हसणं ओळखू आलं. तसं हसताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं, तरी ओळखू आलं.

"तुनी माय मधमा शे," मामा म्हणाला. "अक्कानी तिना हात धरेल शे. दोनदा बलावं जेवाले. निंघतच नही."

मग एकदम आठवलं.

"मामा, आणि मासे? तो माणूस उद्या येणार ना?"

"त्याले सांगी टाकं, येऊ नको," मामा ओरडला, कारण आता त्याला कोणीतरी पाणी उडवत होतं. "मासाले आठे जागा कोठे शे?"